पॅडलबोर्डिंगचा पहिला धडा: गोव्याच्या खाडीत उभं राहायचं कसं आणि परत यायचं कसं

पॅडलबोर्डिंगचा, म्हणजे रुंद बोर्डावर उभं राहून वल्हवण्याचा, पहिला धडा घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एकच धास्ती असते: तोल गेला तर? तोल जाणार. दोन-चारदा पाण्यात पडाल, केस भिजतील, बरोबरचे हसतील. सपाट पाण्यात धडधाकट माणूस बहुतेक वेळा पहिल्याच धड्यात उभा राहतो. अडचण येते ती उभं राहिल्यानंतर. वारा पाठीमागून असतो, ओहोटी लागलेली असते, बोर्ड छान पळतो आणि मागे वळून पाहिल्यावर किनारा दूर गेलेला दिसतो. म्हणून या लेखात तोलाइतकीच जागा वारा आणि पाण्याला दिली आहे.

जागा आणि वेळ

पहिल्या धड्याला उघडा समुद्र नको, खाडी किंवा नदीच्या मुखाजवळचं संथ पाणी बरं. काणकोणात तळपण आणि गालजीबाग या नद्या आहेत, बेतूलजवळ साळ नदी आहे, उत्तरेला शापोरा आणि नेरूल. सिंधुदुर्गात तारकर्ली-देवबागची कर्ली खाडीही याच कामाची. समुद्रातच शिकायचं असेल तर पाळोळ्यासारखा दोन्ही बाजूंना डोंगरकड्यांची टोकं असलेला अर्धगोल किनारा निवडा, तिथे लाट कमी असते. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मात्र मगरी आहेत. त्या बोटीतून पाहाव्यात.

हंगाम ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर समुद्राकडे पाहतही बसू नये असं नाही, पण बोर्ड घेऊन उतरू नये.

वेळ सकाळी ७ ते ९.३०. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई आणि खारे वारे इथे कामाला येतात. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो, पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि नवशिक्याचे पाय लटपटतात. मार्चनंतर हा वारा लवकर आणि जोरात सुटतो. ताशी १५ किलोमीटरच्या वर वारा असेल तर धडा पुढे ढकला. पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला असेल तर अंदाज बघायचीही गरज नाही.

हिवाळ्यातल्या सकाळचा सापळा वेगळा आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेपासून मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याजवळ माड आणि टेकड्यांच्या आडोशाला तो जाणवतच नाही, पाणी आरशासारखं दिसतं. शे-दोनशे मीटर आत गेलात की आडोसा संपतो आणि वारा तुम्हाला आणखी आत नेतो. येताना सगळा विरोध अंगावर. त्यामुळे उघड्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी छातीभर पाण्यापलीकडे जायचं नाही. जे काही अंतर कापायचं ते किनाऱ्याला समांतर.

खाडीत वाऱ्याइतकीच भरती-ओहोटी महत्त्वाची. गोव्यात उधाणाला पाण्याची पातळी दोनेक मीटरनं वरखाली होते, आणि तेवढं पाणी अरुंद मुखातून आत-बाहेर जाताना चांगलाच ओढा तयार होतो. चढती भरती तुम्हाला आत, गावाकडे नेते. ओहोटी मुखाकडे, म्हणजे जिथे लाटा फुटतात तिकडे. नवशिक्याला चढतं पाणी हवं.

यासाठी कोकणातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. द्वादशी असेल तर १२ गुणिले पाऊण म्हणजे ९ वाजता पूर्ण भरती. तिच्याआधी साधारण सहा तास पाणी चढत असतं, तेव्हा सकाळी ७ ला उतरलात तर पाणी आतल्या दिशेला. पौर्णिमा-अमावास्येला हिशोब सव्वाअकराचा येतो, म्हणजे सकाळभर भरती चढतीच, पण उधाण असल्यानं ओढ जोरात. खाडीच्या कडेकडेनं राहा. चतुर्थीला भरती पहाटे ३ ला आणि ओहोटी ९ पर्यंत, म्हणजे नेमका धड्याच्या वेळी ओढा बाहेर. चतुर्थी ते सप्तमीच्या सकाळी त्यामुळे खाडीच्या मुखापासून लांब, वरच्या अंगाला शिका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसं हलत नाही, दिशा उलटी असली तरी चालून जातं. हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत पाणी फिरायला आणखी थोडा उशीर लागतो. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात पाहा किंवा तिथल्या होडीवाल्याला विचारा.

शिकवणारा आणि सामान

शिकवणाऱ्याला चार गोष्टी विचारा: एका वेळी किती जण, लाइफ जॅकेट माझ्या मापाचं आहे का, लीश कुठली, आणि कोणी वाहत गेलं तर आणायला कोण जातं. एका शिक्षकामागे चारपेक्षा जास्त नवशिके नकोत. पणजीजवळच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचं जीवरक्षक प्रशिक्षण घेतलेला माणूस मिळाला तर उत्तमच. वाळूवर काही न सांगता थेट पाण्यात ढकलणारा शिक्षक असेल तर पैसे देण्याआधीच रामराम करा.

बोर्ड साडेदहा ते अकरा फूट लांब आणि ३२ ते ३४ इंच रुंद हवा. नव्वद किलोच्या वर वजन असेल तर अकरा फूट आणि ३४ इंच मागून घ्या. आपल्या किलोतल्या वजनाच्या किमान दुप्पट लिटर इतकं बोर्डाचं आकारमान असावं, म्हणजे ७५ किलोला १५० लिटर तरी. भाड्याचे बोर्ड बहुधा याहून बरेच मोठे असतात. हवा भरायचा बोर्ड असेल तर दाब १२ ते १५ पीएसआय पाहिजे. कमी हवेचा बोर्ड मधोमध खचतो, पायांभोवती पाणी साचतं आणि बिचारा शिकणारा आपल्याच तोलाला दोष देत राहतो. पंपाचा काटा दाखवायला सांगण्यात संकोच कसला?

वल्ह्याची लांबी तुमच्या उंचीपेक्षा १५ ते २० सेंटिमीटर जास्त. वल्हं उभं धरून हात सरळ वर केला की मूठ मनगटाच्या आसपास यायला हवी. पातं दांड्याशी किंचित वाकलेलं असतं. ते धरताना पात्याचं टोक पुढे, बोर्डाच्या नाकाकडे झुकलेलं हवं. चमच्यासारखं आपल्याकडे वळवून धरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. तसं धरलं की पातं घावाच्या (वल्ह्याच्या एका ओढीच्या) शेवटी पाणी वर उचलतं, बोर्ड खाली दाबला जातो आणि पुढे सरकत नाही.

लीश म्हणजे बोर्डाला आणि तुम्हाला जोडणारी दोरी. संथ, मोकळ्या पाण्यात ती घोट्याला किंवा पोटरीला बांधतात. खाडीत मात्र जाळ्यांचे खुंट, होड्यांचे दोर, खारफुटीची मुळं असतात. वाहत्या पाण्यात घोट्याची लीश त्यात अडकली तर पाण्याचा जोर अंगावर घेत वाकून ती सोडवणं अशक्य होतं. तिथे कमरेच्या पट्ट्याची, ओढताच सुटणारी लीश मागा. सोडायची मूठ कुठे आहे ते वाळूवर उभं राहून दोनदा ओढून पाहा. आणि जॅकेट पोहता येत असलं तरी घाला, सगळे पट्टे आवळून. खांद्याला धरून वर ओढल्यावर ते हनुवटीपर्यंत येत असेल तर सैल आहे.

कपड्यांचं थोडक्यात: नायलॉन किंवा लायक्राचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, गुडघ्यापर्यंतची पँट. सुती कपडे आणि जीन्स भिजून जड होतात. मंगळसूत्र, अंगठ्या, घड्याळ खोलीवर. चष्म्याला दोरी. सनस्क्रीन वीस मिनिटं आधी लावा, पण तळवे आणि तळहात सोडून, नाहीतर बोर्ड आणि वल्हं दोन्ही निसटतात. खाडीत खडकांना आणि खारफुटीच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी कापते. पातळ तळव्याचे पाण्यातले बूट त्यासाठीच.

आधी वाळूवर

दहा-पंधरा मिनिटं. बोर्डाच्या मधोमध उचलायची मूठ असते. ती तोलाची जागा. पाय कायम तिच्या दोन्ही बाजूंना. वाळूवर सराव करताना फिनखाली, म्हणजे बोर्डाच्या बुडाशी मागे असलेल्या पंखाखाली, खड्डा करा किंवा फिन काढून ठेवा, नाहीतर ते मोडतं. गुडघ्यावरून उभं राहायची हालचाल चार-पाच वेळा करा. हातांतलं अंतर मोजायला वल्हं डोक्यावर आडवं ठेवा: दोन्ही कोपरांत काटकोन झाला की अंतर बरोबर. एक हात वल्ह्याच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर. उजव्या बाजूला वल्हवताना डावा हात वर, डाव्या बाजूला उजवा. बाजू बदलली की हातही बदलायचे.

पाण्यात

१. बोर्ड मांडीभर पाण्यात न्या. घोटाभर पाण्यात फिन वाळूत रुततं, बोर्ड गपकन थांबतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता. चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत न्या. वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बसलेलं असलं तर त्यानं पळून जातं, पाय वर पडला तर काटा मारतं.

२. मुठीच्या रेषेत एक गुडघा, मग दुसरा. वल्हं समोर आडवं. पाच-दहा मिनिटं गुडघ्यांवरच वल्हवा, दोन्ही बाजूंना वळा, थांबा. हा भाग घाईत उरकू नका. वारा सुटल्यावर हीच बैठक तुम्हाला परत आणणार आहे.

३. उभं राहण्याआधी दोन-तीन घाव मारून बोर्डाला थोडी गती द्या. थांबलेला बोर्ड जास्त डुलतो. मग दोन्ही तळहात बोर्डावर, एक पाऊल गुडघ्याच्या जागी, मग दुसरं. पावलं समांतर, खांद्याइतकं अंतर, बोटं पुढे. सर्फिंगसारखं आडवं उभं राहायचं नाही.

४. आधी छाती वर, मग पाय सरळ, तरी गुडघे किंचित मोकळे. उभे झालात की लगेच वल्हं पाण्यात घाला. पाण्यातलं पातं हा तिसरा पाय असतो. हवेत धरून ठेवलेलं वल्हं काही आधार देत नाही.

नजर समोरच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर. पायांकडे पाहिलंत की डोकं पुढे जातं, मागोमाग अंग. पाय थरथरायला लागले तर बहुतेकदा गुडघे ताठ झालेले असतात. पावलांत पेटके येतात ते बोटांनी बोर्ड पकडून ठेवल्यामुळे, तेव्हा बोटं हलवत राहा.

घाव असा: पुढे वाकून पातं पायांपासून दोन-अडीच फूट पुढे पाण्यात, पूर्ण बुडेपर्यंत. दांडा शक्य तितका उभा. धड वळवून ओढा आणि पातं घोट्यांच्या रेषेत आलं की बाहेर काढा. त्यामागे ओढत राहिलात की बोर्ड नुसता वळतो. एका बाजूला तीन ते पाच घाव, मग दुसरी बाजू. वळायचं असेल तर पातं नाकाजवळ टाकून शेपटीपर्यंत मोठा अर्धगोल काढा. उजवीकडून काढला की बोर्ड डावीकडे वळतो. लवकर वळायचं असेल तर ज्या बाजूला जायचं तिकडे उलटा घाव.

पडणं आणि परत चढणं

मुद्दाम पडायचा सराव पहिल्या पंधरा मिनिटांत करा. तोल गेला की बोर्डावरच सावरायची धडपड नको. इजा बहुधा बोर्डावर किंवा त्याच्या कडेवर आपटून होते. बाजूला, बोर्डापासून लांब, पाठीवर किंवा बुडावर पसरून पडा. सूर मारायचा नाही, खाली किती पाणी आहे ते माहीत नसतं.

आधी बोर्ड धरा, मग वल्हं. बोर्डाच्या मध्यावर बाजूनं या, वल्हं आडवं ठेवा, एका हातानं मधली मूठ पकडा. पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत जोरात मारा आणि पोटावर घसरत वर या. पाय बोर्डाखाली लोंबकळत असताना नुसत्या हातांनी ओढून घेता येत नाही, दमछाक तेवढी होते. दोनदा जमलं नाही तर शेपटीकडून प्रयत्न करा. तिथे बोर्ड खाली दबतो आणि चढणं सोपं जातं, फक्त फिनपासून पाय सांभाळा.

वारा सुटला तर

निघतानाच आधी वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर परतीला त्यांची मदत. तरी अडकलात तर उभं राहणं सोडा. उभं अंग वारा अडवतं. गुडघ्यांवर या, वल्ह्यावरचा हात थोडा खाली घ्या, आखूड आणि भराभर घाव मारा. तेही पुरेना तर पोटावर झोपा, वल्ह्याचा दांडा छातीखाली दाबा आणि दोन्ही हातांनी पाणी मागे लोटा. प्रवाह जोरात असेल तर त्याच्याशी थेट झुंजू नका, तिरके कडेला जा. तिथे ओढ कमी असते. बोर्ड सोडून पोहत निघणं ही सर्वांत महाग चूक. बोर्ड तरंगतो आणि दुरून दिसतो. दोन्ही हात डोक्यावर हलवून मदत मागा.

गजबजलेल्या किनाऱ्यावर जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांमधला पट्टा पोहणाऱ्यांचा असतो, तिथे बोर्ड नेऊ नका. जेट स्की आणि डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्यांच्या वाटाही आधीच विचारून ठेवा.

परतताना मांडीभर पाण्यात गुडघ्यांवर या आणि बाजूनं उतरा, वाळूपर्यंत उभे येऊ नका. लाट येत असेल तर बोर्ड तुमच्या आणि लाटेच्या मध्ये ठेवायचा नाही, लाट तो तुमच्या पोटरीवर आणून आपटते. बोर्ड बाजूला धरून चाला. हवेचा बोर्ड उन्हात तापू देऊ नका, आतला दाब वाढून शिवण उसवते.

दुसऱ्या दिवशी अंग दुखेलच. पाठ आणि कुशी दुखत असतील तर धड वळवून वल्हवलं होतं. फक्त दंड आणि मनगटं दुखत असतील तर ओढायचं काम हातांनी केलं, आणि दुसरा धडा पुन्हा गुडघ्यांवरून सुरू करायला हरकत नाही.