साइडकारचे चाक बसवताना : लीड, टो-इन आणि लीन-आउट

मोटारसायकलला साइडकार जोडताना अनेकदा आधी चारही क्लॅम्प आवळले जातात आणि चाक नेमके कुठे व कसे उभे आहे याचा विचार गाडी एका बाजूला ओढू लागल्यावरच सुरू होतो. हा क्रम उलटा असायला हवा. प्रथम साइडकारच्या चाकाची जागा ठरवावी, त्या जागेला अनुसरून क्लॅम्प बसवावेत आणि सर्व मापे जुळल्यानंतरच बोल्ट पूर्ण आवळावेत. पुढील मापे डाव्या बाजूला घट्ट जोडलेली साइडकार असलेल्या बुलेट ३५० सारख्या, सुमारे १३७० मिलिमीटर व्हीलबेसच्या (पुढच्या व मागच्या एक्सलमधील अंतर) गाडीसाठी आहेत. युरलसारख्या गाड्यांना साइडकार उजवीकडे असते, त्यामुळे तिकडची माहितीपत्रके वाचताना डावे-उजवे बदलून घ्यावे लागते. नोंदणीकृत वाहनात असा बदल करण्यासाठी आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते, हेही काम हाती घेण्यापूर्वीच पाहावे.

मापे घेण्याआधी मोटारसायकलची स्वतःची अवस्था तपासावी. स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, चाकांची बेअरिंगे किंवा हँडलची बेअरिंग ढिली असेल, तर आज घेतलेले माप उद्या टिकणार नाही. चेन ताणताना मागचे चाक किंचित तिरपे बसलेले असण्याचीही बरीच शक्यता असते; ते पुढच्या चाकाच्या रेषेत आणल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण पुढची सगळी मोजणी याच रेषेवरून होते. टायरांत ठरलेली हवा भरावी आणि पाणसळ लावून सपाट असल्याची खात्री केलेल्या फरशीवर गाडी उभी करावी. साइडकारची चेसिस समतल असावी. पुढची बाजू जराशी उंच राहिली तर चालते, खाली झुकलेली मात्र चालत नाही.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे लीड, अर्थात साइडकारचे चाक मोटारसायकलच्या मागच्या एक्सलपेक्षा किती पुढे आहे ते अंतर. ते व्हीलबेसच्या सहाव्या ते पाचव्या हिश्शाइतके, म्हणजे या गाडीसाठी २२५ ते २७५ मिलिमीटर ठेवावे. त्यामागचे कारण उजव्या वळणात कळते. उजवीकडे वळताना भार डावीकडे व पुढे सरकतो, मागचे चाक हलके होते आणि पुढचे चाक व साइडकारचे चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून संपूर्ण गाडी पुढे-डावीकडे कलंडू पाहते. साइडकारचे चाक जितके पुढे, तितकी ही रेषा गाडीच्या गुरुत्वमध्यापासून लांब जाते आणि कलंडण्याचा धोका कमी होतो. मग चाक आणखी पुढे का नेऊ नये? कारण वळताना गाडी मागच्या एक्सलच्या रेषेवरील एका बिंदूभोवती फिरते आणि त्या रेषेच्या पुढे असलेल्या चाकाला थोडे आडवे घासतच जावे लागते. लीड वाढले की हँडल जड होते आणि टायर झिजतो. डाव्या वळणात साइडकार उचलली जाते, तिथे लीडचा काहीच उपयोग नसतो. तिथे उपयोगी पडते ती साइडकारची रुंदी आणि तिच्यातले वजन. म्हणूनच नवशिक्याने रिकाम्या साइडकारमध्ये वीस-तीस किलोचे वाळूचे पोते ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

लीड मोजण्यासाठी मागच्या आणि साइडकारच्या एक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा कराव्यात, मागच्या एक्सलच्या खुणेपासून गुण्याच्या साहाय्याने गाडीला काटकोनात रेषा आखावी आणि साइडकारची खूण त्या रेषेच्या किती पुढे पडते ते पाहावे.

दुसरे माप टो-इनचे. साइडकारच्या चाकाचे तोंड मोटारसायकलकडे किंचित वळलेले असावे लागते, कारण साइडकारचा विरोध गाडीला सतत डावीकडे खेचत असतो आणि आत वळलेले चाक त्याला काही प्रमाणात उत्तर देते. यासाठी सुमारे अडीच मीटर लांबीच्या, सरळ असल्याची खात्री केलेल्या दोन आयताकृती अ‍ॅल्युमिनियम पट्ट्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवाव्यात. एक मोटारसायकलच्या दोन्ही चाकांच्या डाव्या बाजूने, दुसरी साइडकारच्या टायरला टेकवून. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असेल, तर पट्टी त्याला टेकणार नाही. पुढचा ९० आणि मागचा ११० मिलिमीटर रुंद असल्यास पुढे नेमकी १० मिलिमीटर फट राहिली पाहिजे, आणि इथेच बहुतेक मोजणी चुकते. यानंतर पुढच्या एक्सलखाली आणि मागच्या एक्सलखाली दोन पट्ट्यांमधील अंतर मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा १५ ते २० मिलिमीटर कमी असावे.

तिसरे, लीन-आउट, म्हणजे मोटारसायकलचा साइडकारपासून दूर, उजवीकडे असलेला अल्पसा कल. चालक व नेहमीचे ओझे गाडीवर असताना तो एक ते दीड अंश असावा. ओळंब्याची दोरी धरून एक मीटर उंचीवर सुमारे १७ ते २६ मिलिमीटरचा फरक दिसला म्हणजे झाले. वरच्या दोन आधारदांड्यांची लांबी आट्यांनी कमी-जास्त करून तो जुळवावा. कल बदलला की टो-इनही थोडे हलते, त्यामुळे पट्ट्या पुन्हा लावून मोजावे आणि दोन्ही मापे एकाच वेळी बरोबर येईपर्यंत हे आलटून पालटून करावे. कंटाळवाणे काम आहे, पण त्याला दुसरी वाट नाही.

रस्त्यावर चाचणी घेताना गॅस उघडल्यावर गाडी डावीकडे आणि ब्रेक लावल्यावर उजवीकडे ओढली जाते. साइडकारला स्वतंत्र ब्रेक नसेल, तर हे स्वाभाविक आहे आणि त्यासाठी मापे बदलू नयेत. निर्णय स्थिर वेगावर करावा. डावीकडे सततची ओढ राहिली, तर लीन-आउट थोडे वाढवावे. उजवीकडे राहिली, तर कमी करावे. आपल्याकडचे रस्ते डाव्या कडेला उतरते असल्यामुळे मधोमध सपाट रस्त्यावर किंचित उजवीकडे जाणारी गाडी रोजच्या वापरात सरळ चालते. कमी वेगात हँडल थरथरत असेल, तर त्याचा दोष सहसा या मापांकडे नसून पुढच्या फोर्कच्या ट्रेलकडे (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला जिथे टेकते, त्या बिंदूपासून टायरचा जमिनीवरचा स्पर्श किती मागे आहे ते अंतर) असतो आणि त्यावर स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे हँडलची थरथर शोषणारा दट्ट्या, बसवणे हा नेहमीचा उपाय आहे. साइडकारच्या टायरवर बोट आडवे फिरवल्यास एका दिशेने कडा टोचू लागल्या, तर टो-इन पुन्हा मोजावे. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर सर्व क्लॅम्पांचे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण नवे जोड हमखास बसतात आणि त्यांच्याबरोबर मापेही सरकतात.