चूक किती टक्के? रिलेटिव्ह एरर काढायची आणि तुलना करायची सोपी पद्धत

1856 मध्ये ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेने (इंग्रजांच्या काळातली भारताची मोजणी) एव्हरेस्टची उंची 29,002 फूट जाहीर केली, म्हणजे साधारण 8839.8 मीटर, आणि 2020 साली नेपाळ-चीनने जाहीर केलेला आकडा आहे 8848.86 मीटर. फरक नऊ मीटरचा, म्हणजे जवळपास तीन मजली बिल्डिंग! आता दुसरीकडे बघा, एक गुंठ्याचा प्लॉट, 33 बाय 33 फूट, आणि टेप झोळ पडून एका बाजूला 3 इंच जास्त भरले. यातलं माप कुठलं जास्त चुकलं? नुसत्या फरकावरून सांगताच येत नाही, भागाकार करावा लागतो.

आधी खरी किंमत कुठली धरायची ते ठरवा. जास्त भरवशाचं जे माप असेल ते. मोजलेली किंमत वजा खरी किंमत, मायनस आलं तर चिन्ह सोडून द्या, खरी किंमत घेऊन भागा, 100 ने गुणा. झालं, हीच रिलेटिव्ह एरर.

एव्हरेस्ट: 9.05 ÷ 8848.86 = 0.00102, म्हणजे 0.1 टक्का. प्लॉट: 3 इंच म्हणजे 0.25 फूट, 0.25 ÷ 33 = 0.0076, म्हणजे 0.76 टक्के. म्हणजे आपले तीन इंच त्या नऊ मीटरपेक्षा सातपट वाईट, आणि ते एव्हरेस्टवाले तर शंभर मैलांहून लांब उभे राहून थिओडोलाइट नावाच्या दुर्बिणीने कोन मोजत होते, राधानाथ सिकदार वगैरे गणिती मंडळींनी हाताने आकडेमोड केलेली. (भागताना युनिट दोन्हीकडे एकच हवं, इंचाला फुटाने भागलं की उत्तराची वाट लागते.)

खरी किंमत माहीतच नसेल, आणि बहुतेक वेळा नसतेच, तर वजनकाट्यावरची सगळ्यात छोटी रेघ बघा. 10 ग्रॅमची रेघ असेल तर निम्मी, म्हणजे 5 ग्रॅमची चूक धरून चाला. अर्धा किलो साखरेला ती 1 टक्का होते, 20 ग्रॅम वेलचीला 25 टक्के. काटा तोच आहे बरं का.

मापांचा गुणाकार असेल तर टक्के मिळवायचे. प्लॉटच्या दोन्ही बाजू 0.76 टक्के जास्त भरल्या तर क्षेत्रफळ 1.5 टक्के जास्त, म्हणजे 1089 मध्ये साधारण साडेसोळा स्क्वेअर फूट. दोन हजार रुपये फुटाचा भाव असेल तर तेहेतीस हजार रुपये नुसत्या टेपच्या झोळाचे गेले.

वजाबाकीत मात्र सांभाळून, कारण इथेच सगळे फसतात. गॅस किती उरला बघायला सिलेंडर काट्यावर ठेवला, त्यावर रिकाम्या टाकीचं वजन छापलेलं असतं, समजा 15.3 किलो, ते वजा केलं. काटा 300 ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो असं धरू. भरलेला सिलेंडर 29.5 किलो, त्यावर 1 टक्का, गॅस 14.2 किलो, त्यावर 2 टक्के, ठीक आहे. पण गॅस किलोभरच उरला असेल तेव्हा काट्यावर 16.3 दिसणार आणि तीच 300 ग्रॅमची चूक आता त्या एका किलोवर पडणार, 30 टक्के! दोन मोठे आकडे जवळजवळ सारखे असले की त्यांच्या फरकावर फार विश्वास टाकू नये.

लोकांच्या मतांच्या सर्व्हेमध्ये खरी किंमत कुणाकडेच नसते, म्हणून रिलेटिव्ह स्टँडर्ड एरर काढतात, म्हणजे दुसरे तेवढेच लोक विचारले असते तर उत्तर साधारण किती टक्के इकडे-तिकडे झालं असतं ते. 1000 जणांना विचारलं, 400 हो म्हणाले. हो न म्हणणाऱ्यांचं प्रमाण 0.6, त्याला हो म्हणणाऱ्यांच्या संख्येने, 400 ने, भागा, वर्गमूळ घ्या: 0.039, म्हणजे साधारण 4 टक्के. आता त्याच सर्व्हेत एका छोट्या पक्षाला 40 जणांनी पसंती दिली. 0.96 ÷ 40, वर्गमूळ 0.155, म्हणजे साडेपंधरा टक्के. सर्व्हे एकच, तरी मोठा आकडा ठणठणीत आणि छोटा डगमगणारा. आणि ही चूक निम्मी करायची तर दुप्पट नाही, चौपट लोक विचारावे लागतात, म्हणूनच सर्व्हे महाग पडतात.

तेव्हा पुढच्या, तेवढ्याच लोकांच्या सर्व्हेत त्या पक्षाचे 4 चे 5 टक्के झाले आणि बातमी आली की "पाठिंबा 25 टक्क्यांनी वाढला", तर दोन्हींची चूक काढा. 4 चे 15.5 टक्के म्हणजे 0.62, 5 चे 13.8 टक्के म्हणजे 0.69. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, वर्गमूळ: 0.93. वाढ 1 ची, आणि वाढीतली चूकच 0.93. वाढ निदान या चुकीच्या दुपटीहून जास्त असेल तर बोलावं, नाहीतर ती नुसती आकड्यांची हलचल.

हे गणित माणसं चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी निवडली असतील तरच चालतं. आपल्याच सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून 1000 उत्तरं गोळा केली आणि 400 हो आले, तरी फॉर्म्युला 4 टक्केच दाखवणार, ग्रुपवर नसलेल्यांचं मत त्याला कुठून कळणार.