इलेक्ट्रिक ब्लूज गिटार: कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधली जागा

ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत. इलेक्ट्रिक ब्लूज गिटार शिकू लागलेले बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात सोलोच्या, म्हणजे एकल वादनाच्या, मागे लागतात. माझा आग्रह मात्र असा आहे की, सुरुवातीचा महिनाभर केवळ ठेका पक्का करावा. ब्लूजचा सर्वाधिक रुळलेला साचा बारा बारचा, म्हणजे तालाच्या बारा विभागांचा, असून प्रत्येक बारमध्ये चार मात्रा असतात. ए हा षड्ज धरल्यास पहिले चार बार ए हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह), पुढचे दोन डी, पुन्हा दोन ए आणि अखेरच्या चारांत अनुक्रमे ई, डी, ए, ई असा क्रम येतो. शेवटच्या ई मुळे कान आपोआप पुढच्या आवर्तनाच्या समेची वाट पाहू लागतो.

हा साचा दोन बोटांनी वाजवता येतो. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड सहावी, असे धरून पाचवी तार मोकळी ठेवावी, तर्जनीने चौथ्या तारेचा दुसरा फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधली जागा) दाबावा आणि दोन्ही तारा एकत्र दोनदा वाजवाव्यात. मग अनामिकेने त्याच तारेचा चौथा फ्रेट दाबून पुन्हा दोनदा वाजवावे. हीच आकृती चौथ्या व तिसऱ्या तारेवर नेली की डी मिळतो, सहाव्या व पाचव्या तारेवर नेली की ई. प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग कल्पून पहिला आघात पहिल्या भागावर आणि दुसरा तिसऱ्या भागावर करावा. या झुलत्या चालीला शफल म्हणतात, आणि ती हातात बसेपर्यंत मेट्रोनोम मिनिटाला सत्तर ठोक्यांच्या पुढे नेऊ नये.

त्यानंतर स्केल. पाचव्या फ्रेटपासून सुरू होणाऱ्या ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच स्वरांच्या स्केलमध्ये सहाव्या, दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर पाचवा व आठवा फ्रेट, तर उरलेल्या तिन्ही तारांवर पाचवा व सातवा फ्रेट येतो. हे स्वर म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजेच आपल्या धानी रागाचेच स्वर. परंतु साथीला खाली वाजणाऱ्या ए सेव्हन्थ कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो. या दोन गंधारांच्या घर्षणात ब्लूजची सारी आर्तता आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट दाबून तार किंचित ओढावी, इतकीच की स्वर कोमल गंधार सोडेल, पण शुद्ध गंधारापर्यंत पोहोचणार नाही. सतारीवरची मींड ऐकलेल्या श्रोत्याला ही जागा लगेच ओळखू येईल.

पूर्ण बेंड, म्हणजे तार ओढून स्वर पूर्ण एक स्वर वर नेणे, शिकताना तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट अनामिकेने दाबावा, मधले बोट व तर्जनी त्याच तारेवर मागे आधाराला ठेवावीत, अंगठा गिटारच्या मानेवरून किंचित वर येऊ द्यावा आणि बोटांच्या बळाने नव्हे, तर मनगट फिरवून तार जाड तारांच्या दिशेने ढकलावी. स्वर मध्यमावरून पंचमावर पोहोचला पाहिजे. दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवला की तोच पंचम ऐकू येतो, तेव्हा प्रत्येक बेंड त्याच्याशी ताडून पाहावा. बेसूर बेंड वेगाने झाकता येत नाही. नऊ किंवा दहा गेजच्या (पहिली तार इंचाच्या नऊ किंवा दहा हजारांश जाडीची) तारा यासाठी पुरेशा मऊ असतात. अ‍ॅम्प्लिफायरवर गेन, म्हणजे आवाजाला खरखरीतपणा आणणारे बटण, बेताचाच ठेवावा, म्हणजे चुका स्पष्ट ऐकू येतात.

१९४३ मध्ये मिसिसिपीहून शिकागोला आलेल्या मडी वॉटर्स या ब्लूज गायक-गिटारवादकाला तिथल्या गर्दीच्या मद्यालयांत आवाज पोहोचवण्यासाठी इलेक्ट्रिक गिटारची गरज भासली. या वाद्यावर स्वर दीर्घकाळ टिकतो, आणि टिकलेल्या स्वराला मनगटाने हेलकावा देण्याची कला बी. बी. किंग या ब्लूज गिटारवादकाकडून कान देऊन शिकावी. त्याचा एकच स्वर दहा वेळा ऐकणे हासुद्धा रियाजच आहे.

शेवटी बारा बारचे चार-चार बारांचे तीन भाग करावेत. प्रत्येक भागाच्या पहिल्या दोन बारांत एक ओळ गुणगुणावी आणि उरलेल्या दोनांत गिटारने तिला उत्तर द्यावे. दुसऱ्या भागात पहिलीच ओळ पुन्हा म्हणावी, तिसऱ्यात निराळी. तिसरे उत्तर अकराव्या बारमध्ये चौथ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे षड्जावर, आणून सोडावे आणि बारावा बार मोकळा ठेवावा.