मुंबई की पुणे? आधी पत्ता सांगा, मग हिशेब करू

आमच्या कंपनीचं एक ऑफिस लोअर परळला, दुसरं हिंजवडीला. मी पेरोल सांभाळते. त्यामुळे बदलीचं पत्र आलं किंवा दोन्हीकडची ऑफर हातात पडली की मंडळी माझ्या टेबलाशी येतात. "मॅडम, मुंबईचे सत्तर हजार म्हणजे पुण्याचे किती?" माहेर डोंबिवली, सासर वारजे, तेव्हा मला दोन्ही शहरं पाठ असणार असा त्यांचा समज. मी उलट विचारते, राहणार कुठे? अख्ख्या मुंबईचं भाडं कोणी भरत नाही. भाडं एका फ्लॅटचं असतं, प्रवास त्या फ्लॅटच्या दारापासून ऑफिसच्या गेटपर्यंत असतो आणि पाणी त्या सोसायटीच्या टाकीत येतं तेवढंच असतं. तेव्हा कागद घ्या, दोन रकाने आखा आणि शहराचं नाव न लिहिता प्रत्येकात दोन पत्ते लिहा: घराचा आणि ऑफिसचा.

शहरांच्या क्रमवाऱ्या आधी बाजूला ठेवा. केंद्र सरकारच्या 'ईज ऑफ लिव्हिंग' निर्देशांकात २०१८ साली पुणे पहिलं आलं, २०२० च्या यादीत बंगळुरूच्या मागे दुसरं, आणि मुंबई दहावी. सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा जो उत्सव झाला तो मी पाहिलाय. पण हे गुण अख्ख्या महापालिकेला मिळतात. तुम्ही वाकडला घर घेणार असाल तर ते पुणे महापालिकेत नाही, पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. हिंजवडीचा कारभार तर ग्रामपंचायतीकडे. तिकडे डोंबिवलीसुद्धा मुंबई महापालिकेत नाही. लोक 'पुण्यात' आणि 'मुंबईत' राहतात ते बोलण्यापुरतं, कर आणि पाण्याच्या बाबतीत नाही.

आता आकडे. खालचे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुम्ही तुमचे घाला. रीत महत्त्वाची.

समजा लोअर परळच्या नोकरीत हातात ७०,००० येतात आणि हिंजवडीच्या नोकरीत ६०,०००. पहिल्या रकान्यात डोंबिवली पूर्व, वन बीएचके, भाडं १५,०००. दुसऱ्यात वाकड, वन बीएचके, २२,०००. इथेच पहिला धक्का बसतो, कारण 'पुणं स्वस्त' हे वाक्य दक्षिण मुंबईशी तुलना करून तयार झालंय. डोंबिवली, बदलापूर, विरार या बाजूंना ते लागू पडेलच असं नाही.

मग प्रवासाचा खर्च. लोकलचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास दोन-तीनशे रुपयांत येतो, असा स्वस्त प्रवास देशात फार कमी ठिकाणी मिळत असेल. त्यात घर ते स्टेशन शेअर रिक्षा धरा, रोजचे चाळीस रुपये, २२ दिवसांचे ८८०. सगळं मिळून १,२०० च्या आत. वाकडला मात्र दुचाकी लागतेच. महिन्याला ७०० किलोमीटर, लिटरला ४५ चं ॲव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर सव्वासोळाशे झाले. लोक इथे थांबतात. गाडी आकाशातून पडलेली नसते. लाखाची स्कूटर सात-आठ वर्षं चालवायची तर महिन्याला हजार-बाराशे गाडीच्या किमतीचेच, वर विमा, सर्व्हिसिंग, टायर. मी ३,२०० धरते.

डोंबिवली १६,२००, वाकड २५,२००. फरक ९,००० चा, आणि पगार मुंबईचा १०,००० ने जास्त. म्हणजे रोखीत मुंबई १९,००० ने पुढे. इतकं झालं की समोरचा खूश होऊन उठायला लागतो. त्याला मी खाली बसवते, कारण तासांचा हिशेब राहिलेला असतो.

डोंबिवलीच्या घरापासून लोअर परळच्या ऑफिसपर्यंत, रिक्षाची रांग, फलाटावरची वाट, दादरला बदललेली गाडी आणि करी रोडवरून चालणं धरून, एका वेळेला दीड तास. रोजचे तीन, महिन्याचे ६६. वाकडहून हिंजवडीला अंतर किरकोळ पण गर्दी भयंकर, तरी जाऊन-येऊन सव्वा तास म्हणू. महिन्याचे साडेसत्तावीस. फरक ३८-३९ तासांचा, म्हणजे जवळजवळ पाच दिवसांचं ऑफिस. आता सत्तर हजार भागिले कामाचे १७६ तास, तासाला साधारण ४०० रुपये. प्रवासाचा तास मी निम्म्या भावाने धरते, २०० रुपये. पूर्ण भावाने नाही, कारण लोकलमध्ये निदान गाडी चालवावी लागत नाही. (सकाळच्या गाडीत निवांत पुस्तक वाचता येतं असं सांगणाऱ्याला एकदा विचारा, बसायला कुठल्या स्टेशनपासून मिळतं.) तर साडेसात-आठ हजार मुंबईच्या रकान्यातून वजा करा. तरीही मुंबई अकरा हजारांनी पुढे राहते.

आता तिसरा रकाना काढा. ऑफिस तेच, लोअर परळ, पण घर चालत जाता येईल इतकं जवळ, भाडं ५०,०००. प्रवास नगण्य, हजार रुपये धरू. खर्च ५१,०००, वाकडपेक्षा २५,८०० ने जास्त. दहा हजारांचा जादा पगार वजा केला तरी पावणेसोळा हजारांचा खड्डा. वाचलेल्या तासांचे दोन-अडीच हजार त्यात टाकले तरी पुणं तेरा हजारांनी पुढे. नोकरी तीच, कंपनी तीच, फक्त घर हललं आणि उत्तर उलटलं. डोंबिवलीत आईवडिलांचं घर असेल तर चौथा रकाना, भाडं शून्य. त्यात पुढे काही गणित करायला लागत नाही. आईबरोबर राहता येतं का, हा प्रश्न उरतो आणि तो पेरोलच्या अखत्यारीत येत नाही.

नवरा-बायको दोघं कमावते असतील तर यापेक्षा अवघड काम आहे, आणि लोक नेमकं तेच सोडतात. एकाची ऑफर आली की एकाचाच हिशेब. मुंबईत रेल्वे लांबलचक आहे आणि बहुतेक ऑफिसं कुठल्या ना कुठल्या स्टेशनाला धरून आहेत. नवरा बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), बायको ठाण्यात, घर मुलुंड किंवा घाटकोपरला, दोघांचं निभतं. पुण्यात एक हिंजवडीला आणि दुसरा खराडीला असेल तर दोघं शहराच्या दोन टोकांना. मधलं घर म्हणजे औंध, शिवाजीनगर, आणि तिथलं भाडं बघून डोळे पांढरे होतात. पुण्यात मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली, पुढे वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट असे मार्ग झाले. तुमची दोन्ही ठिकाणं त्या मार्गांवर असतील तर चित्र खूपच बदलतं, कमाल तिकीट ३५ रुपये आहे. नसतील तर मेट्रो बघायला छान. तेव्हा दोघांचे तास वेगवेगळे मोजा आणि बेरीज करा. जोडीदाराला नवीन शहरात नोकरी शोधायला लागणार असेल तर त्या काळातला बुडालेला पगारही पहिल्या वर्षाच्या खर्चात लिहा.

काही खर्च भाड्याच्या आकड्यात दिसत नाहीत. डिपॉझिट परत मिळतं म्हणून लोक ते मोजत नाहीत, पण लाख रुपये अडकले आणि बँकेत सात टक्के मिळाले असते, तर महिन्याला ५८० रुपये गेलेच. मुंबईकडे 'हेवी डिपॉझिट' घेऊन भाडं कमी करायची पद्धत आहे, तिथे तर हे गणित केल्याशिवाय सही करू नका. दलालाला साधारण महिन्याचं भाडं दोन्हीकडे. भाडेकरार दोन्हीकडे सारखाच, एकाच राज्याचा कायदा: मुद्रांक शुल्क पाव टक्का, महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची. व्यवसायकर तर वर्षाला २,५०० दोन्हीकडे. घरभाडे भत्त्याची सूट मात्र बघा. जुन्या करप्रणालीत मुंबईला मूळ पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा आणि पुण्याला ४० असं वर्षानुवर्षं चाललं. तुमच्या आर्थिक वर्षाला काय लागू आहे ते तुमच्या पेरोलवाल्यांकडून लिहून घ्या. नव्या करप्रणालीत ही सूटच नाही, तिथे प्रश्न मिटला.

घर विकत घ्यायचं असेल तर मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, पुण्यात सात. ८० लाखांवर एक टक्का म्हणजे ८०,०००. खरेदी बाईच्या नावावर असेल तर दोन्हीकडे एक टक्का सवलत. मुंबई महापालिकेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केलाय, डोंबिवलीकरांनी मात्र हुरळून जाऊ नये.

आणि पाणी. पुण्याच्या आजूबाजूला जी नवी उपनगरं वाढली, तिथे बऱ्याच सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर चालतात आणि तो खर्च मेंटेनन्समधून तुमच्यापर्यंत येतो. एजंटाला विचारू नका, 'चोवीस तास पाणी' हे त्याचं पाठ केलेलं वाक्य असतं. वॉचमनला विचारा, मे महिन्यात दिवसाला किती टँकर आले? टाकी शेवटची कधी धुतली तेही विचारा. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच गेला होता. तो सगळा भाग आमच्या वारज्याहून नदीपलीकडे. तेव्हापासून आमच्याकडे पाणी उकळल्याशिवाय माठात जात नाही.

आता राहणीचा दर्जा. याला रुपयात बसवायचा आटापिटा करू नका. त्याऐवजी तुमच्या घरात ज्यावरून खरंच भांडण होतं अशा तीन-चार गोष्टी लिहा. आमच्या घरात त्या अशा होत्या: सासूबाईंच्या गुडघ्यांना लिफ्ट आणि जवळ हाडांचा डॉक्टर, मुलीला रात्री दहानंतर एकटीने घरी येता येणं, आणि नाटक. दुसऱ्या मुद्द्यात मुंबई सरळ जिंकते. मध्यरात्र उलटल्यावरही सीएसएमटीहून गाड्या सुटतात आणि डब्यात माणसं असतात. पुण्यात मेट्रो अकराला थांबते, बस त्याआधीच विरळ होते, मग रिक्षा किंवा ॲपची गाडी, आणि तो खर्च महिन्याच्या कागदावर आला पाहिजे. नाटकाचं म्हणाल तर दोन्हीकडे रेलचेल. फक्त गेल्या वर्षी तुम्ही खरोखर किती पाहिलीत ते आठवा. बालगंधर्व घराजवळ असणं आणि बालगंधर्वला जाणं यांत बराच फरक आहे.

हवेचा खर्चही असतो. मुंबईत मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात एसीशिवाय झोप लागत नसेल तर वीजबिलाचा स्लॅब बदलतो. पुण्यात ते पैसे थोडे वाचतात, थंडीत गीझर त्यातले काही परत घेतो.

कागद झाला की रस्ता तपासा. रविवारी दुपारी गाडीने चक्कर मारून 'वीस मिनिटांत पोचलो' असं कोणी सांगितलं तर मी ऐकत नाही. जुलैतल्या सोमवारी, साडेआठला निघून, त्या पत्त्यावरून त्या ऑफिसला जा आणि संध्याकाळी सहानंतर परत या. जमलं तर आठवडाभर त्याच भागात पीजीत राहा. भाड्याचा आकडा साइटवरच्या जाहिरातीतून घेऊ नका, त्याच इमारतीत नुकत्याच आलेल्या भाडेकरूला विचारा.

शेवटची सूचना करारासाठी. अकरा महिन्यांच्या करारात मालक बहुतेक वेळा सहा महिन्यांचा लॉक-इन टाकतो, म्हणजे तेवढ्या काळात घर सोडता येत नाही, कधी पूर्ण अकराचा. तो तीनवर आणायला सांगा, नोटीस एक महिन्याची ठेवा, आणि 'नोकरीच्या ठिकाणी बदली झाल्यास लॉक-इन लागू नाही' ही ओळ घालून घ्या. पाच-सातशे रुपये भाडं वाढवून मागितलं तरी द्या. तुमचा प्रोबेशनचा काळ आणि लॉक-इनचा काळ एकाच महिन्यात संपत असेल तर उत्तम.