सिॲटलच्या थंडीत हमिंगबर्डचं साखरपाणी

परभणीत पारा चार-पाचावर आला की आपण शेकोट्या पेटवतो, पण रांजणातलं पाणी काही गोठत नाही. लेकीकडं सिॲटलला मात्र हमिंगबर्ड या इवल्याशा पाखरासाठी बाल्कनीत बाटलीत टांगलेल्या साखरपाण्याचा कडाक्याच्या रात्री पार गोळा होतो. हिवाळ्यात लेकराकडं राहायला निघालेल्यांनी एवढं वाचून जावं, कारण ही ड्यूटी हमखास आईकडंच येते.

हमिंगबर्ड आपल्याकडं नाहीच, तो अमेरिकेतला. त्यातला 'ॲनाज हमिंगबर्ड' सिॲटलमध्ये हिवाळाभर थांबतो. वजन चार-पाच ग्रॅम! कडक थंडीच्या रात्री तो अंग गार पाडून निपचित झोपतो आणि उजाडताच त्याला खायला लागतं. म्हणजे आपली सगळी खटपट त्या पहिल्या घोटासाठी.

सगळ्यात खात्रीचा उपाय फुकटचा आहे. अंधार पडला की बाटली घरात, उजाडायच्या आत बाहेर. डिसेंबरात तिथं सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, त्यामुळं सातला चहा ठेवताना टांगली तरी चालतं. आपल्या सवयीनं पाचला उठून अंधारात बाहेर जाऊ नका, पायऱ्या निसरड्या असतात.

चार वाट्या पाण्याला एक वाटी पांढरी साखर. हे पाणी उणे दोन-तीन अंशांपर्यंत तग धरतं. फारच गारठा असेल तर तीन वाट्यांना एक करा, त्याहून घट्ट नको. गुळाचा मोह आवरा, त्यातलं लोह या पाखराला बाधतं. मध नको, रंगही नको.

दिवसाही पारा शून्याखाली राहिला तर दोन बाटल्या घ्या आणि आलटून पालटून लावा. नाहीतर बाहेर चालणाऱ्या दिव्यात जुना पिवळा बल्ब लावून तो बाटलीखाली बांधा. एलईडीची ऊब लागत नाही. कुणी लोकरीचा मोजा चढवतात, पण त्यानं गोठणं लांबतं, टळत नाही. चोच घालायची भोकं तेवढी उघडी ठेवा. जागा छपराखालची, वाऱ्याच्या आडची. गोठलेल्या काचेवर कढत पाणी ओतू नका, तडकते. ओट्यावर ठेवली की आपोआप वितळतं.

आठवड्यातून एकदा तरी बाटली गरम पाण्यानं घासून नवं पाणी भरा. ऐन गारठ्यात ती बंद पडता कामा नये, म्हणून परत निघायच्या आधी हे काम जावयाला शिकवून ठेवा. लेकीची सकाळ ऑफिसच्या घाईत जाते.