ऐतिहासिक प्रेमकादंबरीवर लिहिताय? या चुका टाळा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेली जाडजूड कादंबरी हातावेगळी करायला याहून चांगला मुहूर्त नाही. वाचून झाली की ग्रुपवर चार ओळी टाकाव्यात असं वाटतं आणि तिथेच गाडी अडते. ‘अप्रतिम, खिळवून ठेवणारी, नक्की वाचा’ याच्या पुढे काही सुचत नाही. बहुतेक वेळा खोट लिहिण्यात नसते, वाचण्यात असते.

प्रेम वाचायचं, व्यवहार गाळायचा

ही सगळ्यात मोठी चूक. हुंडा, वारसा, जहागीर, तह असं काही आलं की आपण पानं भराभर उलटतो. पण जुन्या प्रेमकथेतला ताण तिथेच असतो. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (1813) घ्या. नात्यातला कॉलिन्स नायिका एलिझाबेथला मागणी घालतो, तेव्हा तिला उभ्या आयुष्यात काय मिळणार तेही तोंडावर ऐकवतो: हजार पौंड, चार टक्के व्याजाचे, आणि तेही आईच्या पश्चात. म्हणजे वर्षाला 40 पौंड. वडिलांची इस्टेट मुलींना मिळणार नाही, ती जाणार याच कॉलिन्सला.

हा हिशेब गाळला तर तिचा नकार म्हणजे एका बावळट माणसाची उडवलेली भंबेरी, एवढंच वाटतं. हिशेब मांडला की कळतं, या पोरीने डोक्यावरचं छप्पर नाकारलंय. पुढे वर्षाला 10,000 पौंड उत्पन्न असलेला डार्सी मागणी घालतो, त्यालाही ती आधी नकारच देते. आणि तिची सत्तावीस वर्षांची मैत्रीण शार्लट त्याच कॉलिन्सला होकार देते. तिला ‘लोभी’ म्हणून मोकळं होणारी परीक्षणं मी पुष्कळ वाचली आहेत. शार्लटपुढे दुसरा रस्ता कोणता होता, हे त्यांत कुणी सांगत नाही.

हे विलायतेचं म्हणून परकं वाटत असेल तर आपल्या भुईकोटाकडे बघा. 1565 च्या तालिकोटच्या लढाईआधी निजामशाही आणि आदिलशाहीत सोयरीक झाली. चांदबीबी अली आदिलशहाची बेगम होऊन विजापूरला गेली आणि सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला. यावर उद्या कुणी प्रेमकादंबरी लिहिली, तर किल्ल्याची पानं गाळून ती कळेल का?

पुरावा दाखवा!

दुसरं टोक म्हणजे कादंबरीची उलटतपासणी. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’तल्या (1972) बाजीराव-मस्तानीच्या एकांतातल्या बोलण्याला पुरावा मागणारे भेटतात. अहो, बखरकार काही दाराला कान लावून बसला नव्हता! कागदपत्रं गप्प होतात तिथेच कादंबरीकार बोलायला लागतो, ती मोकळीक त्याला द्यायलाच हवी. मात्र ठाऊक असलेल्या तारखा, नाती फिरवली असतील किंवा शिवकाळातली नायिका पाहुण्यांपुढे चहा ठेवत असेल, तर बिनधास्त लिहा.

‘राऊ’चं आणखी एक दुखणं म्हणजे 2015 चा सिनेमा. पडद्यावर पाहिलेलं नकळत कादंबरीच्या नावावर खपवलं जातं. प्रसंग उद्धृत करायचा असेल तर पान उघडून खात्री करा. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवट सांगायचा की नाही?

माधवराव पेशवे 1772 मध्ये थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्यांच्यावरच्या रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वर लिहिताना ते लपवून काय साधणार? माहीत असलेल्या शेवटाकडे लेखक आपल्याला कसा नेतो, ते सांगा. काल्पनिक जोडप्याचं जमलं की फिसकटलं, हे मात्र पोटात ठेवा.

कादंबरी पुढेच सरकत नसेल तर

माणसांची नावं डोक्यात बसत नसतील तर एका चिठ्ठीवर वंशावळ लिहून ती खूण म्हणून पानांत ठेवा. अनुवाद तुटक वाटला तर पहिली पानं बघा. ‘संक्षिप्त’ किंवा ‘रूपांतर’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तसं असेल तर मूळ लेखकाच्या नावाने बोटं मोडू नका.

जुन्या कादंबऱ्यांवर पाल्हाळाचा आरोप नेहमी होतो. थोडा खराही आहे. पण हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ आधी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती. एका हप्त्यानंतर पुढच्यासाठी थांबावं लागणाऱ्या वाचकाला मागचं आठवून देणं भागच होतं. आपण सलग दोनशे पानं रेटतो म्हणून ते खटकतं. रोज दोन प्रकरणं वाचून बघा, चाल सापडते.

एवढं करूनही नाही रुचली तर खुशाल परत करा. मात्र तिच्यावर लिहिणार असाल तर कितव्या पानावर सोडली आणि तिथे नेमकं काय चाललं होतं, एवढं तरी लिहा.