केळीच्या धंद्यात भागीदारी करताना या चुका टाळा

रावेर-सावद्याकडे केळीची कापणी भरात आली की भागीदारीच्या बोलण्यांनाही जोर चढतो. गाडी मिळत नाही म्हणून गाडीवाल्याला भागीदार केले जाते, पिकवण्याची सोय नाही म्हणून चेंबरवाल्याला, म्हणजे केळी पिकवण्याची खोली असलेल्याला. जी अडचण भाडे देऊन सुटली असती, तिच्यासाठी धंद्यातला वाटा देऊन टाकणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. एकाच्या हलगर्जीने दुसऱ्याचा माल बुडणार असेल आणि ती जोखीम नुसत्या दराच्या करारात बसत नसेल, तरच भागीदारीचा विचार करावा.

माझ्या पाहण्यातल्या एका जोडीत एक जण बागेतून माल उचलत असे आणि दुसऱ्याचे रायपनिंग चेंबर होते. एका रात्री चेंबरमधले तापमान १३ अंशांच्या बरेच खाली गेले. इतकी थंडी केळीला सोसत नाही, पण कच्च्या हिरव्या फण्यांवर ते लगेच दिसत नाही. पिवळा रंग चढायच्या वेळी साल मातकट, राखाडी पडली, तेव्हा कुठे दोघांच्या लक्षात आले. चेंबरवाला म्हणाला, माल कोवळा उचलला. उचलणारा म्हणाला, मशीनवर लक्ष नव्हते. तापमानाची नोंदवही नव्हती आणि माल भरताना त्याची पक्वताही कोणी लिहून ठेवली नव्हती. इथे भागीदारी योग्यच होती, कमी पडली ती वही.

दुसरी चूक शब्दावर विसंबण्याची. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वाटा ठरलेला नसेल, तर नफा-तोटा समान विभागला जातो, मग चेंबरमध्ये कोणी कितीही पैसा घातलेला असो. भांडवलावरचे व्याजही ठरवल्याशिवाय मागता येत नाही. पेढीची, म्हणजे भागीदारी फर्मची, नोंदणी नसेल, तर उधारी थकवणाऱ्या व्यापाऱ्यावर करारातल्या हक्कासाठी पेढीला दावा लावता येत नाही. देणे मात्र प्रत्येक भागीदाराच्या स्वतःच्या मालमत्तेपर्यंत पोहोचते. ही भीती मोठी वाटत असेल, तर २००८ च्या कायद्याखालची मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) पाहावी.

घाई असलीच, तर पहिला हंगाम दर गाडीमागे ठरलेल्या रकमेवर काढावा. घडाच्या दांड्याचे वजन किती वजा धरायचे, यावर दोघांचे पटते का, हे त्यातच कळते. मुदत न ठरवलेली भागीदारी एका लेखी नोटिशीने मोडता येते. म्हणून बागायतदारांना दिलेली उचल (आगाऊ रक्कम) त्या दिवशी कोणाच्या नावावर राहील, हे करारपत्रात आधीच लिहून घ्यावे.